आठ तास दहा मिनिटं

साडेदहा वाजता निरीक्षकांनी इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं, तर तिथे एकोणचाळीस टक्के. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात पडद्याने आकडा बदलून अडतीस केला.

"अशक्य!" निरीक्षक पुटपुटले. पुटपुटले, कारण मोठ्याने बोलायची त्या दिवशी घरात बंदी होती. समोरच्या बंद दाराआड त्यांची बायको ऑनलाइन परीक्षा देत होती. पेपर दहाला सुरू झाला होता, एकला संपणार होता. गल्लीतली वीज नऊलाच गेली होती आणि ती तीनशिवाय येणार नव्हती. तारा बदलायच्या होत्या. तशी सूचना महिनाभर कोपऱ्यावरच्या खांबाला चिकटवलेली होती.

परीक्षा साधी नव्हती. बाई बावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. कुठलं आम्ल कुठल्या बाटलीत आणि कुठल्या शिक्षकाला कुठली बाटली द्यायची नाही, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण प्रयोगशाळाप्रमुख व्हायचं तर खात्याची परीक्षा हवी, आणि ती तीनदाच देता येते. पहिल्या वेळी मध्येच वीज गेली. दुसऱ्या वेळी सासरे चष्मा शोधत खोलीत शिरले, ते कॅमेऱ्यात दिसले, आणि 'खोलीत परकी व्यक्ती' असा शेरा येऊन पेपर रद्द झाला. ही तिसरी वेळ. चौथी नव्हती.

त्यात लॅपटॉप शाळेचा. त्याची स्वतःची बॅटरी केव्हाच वारली होती. वायर निघाली की तो क्षणात मान टाकायचा. म्हणून तर घरात इन्व्हर्टर आला.

तो आणताना निरीक्षकांनी जे केलं ते फक्त निरीक्षकच करू शकतात. ते वजनमापं खात्यात होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं चिंचोक्याएवढं शिसं त्यांना दुकानाच्या पायरीवरून दिसायचं, असं दुकानदार म्हणत. इलेक्ट्रिशियनने घर बघून विचारलं, "साहेब, माणसं किती?"

"चार. आणि एक मेहुणा."

"मग दोन बॅटऱ्या घ्या."

"कशावरून?"

"अंदाज, साहेब."

अंदाज हा शब्द ऐकून निरीक्षकांच्या कपाळावर आठी पडली. "मी अंदाज करत नसतो. मी मोजतो."

त्यांनी फ्रिजवर नोटीस लावली: 'येत्या तीन रविवारी सकाळी नऊ ते दुपारी तीन घरातील विजेच्या भाराची मोजणी होईल. सर्वांनी नेहमीप्रमाणे वागावे.' खाली सही, तारीख. तीन रविवार ते मीटरपाशी स्टूल टाकून बसले आणि दर दहा मिनिटांनी आकडा टिपत राहिले. सरासरी निघाली दीडशे वॉट. मग बॅटरीचा हिशेब. बारा व्होल्ट गुणिले दीडशे अँपिअर-तास, झाले अठराशे वॉट-तास. बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते म्हणून वीस टक्के सोडले. इन्व्हर्टर स्वतःही थोडी खातो म्हणून उरलेल्यातले पंधरा टक्के कापले. हाताशी राहिले बाराशे चोवीस. पडद्यावरचे शंभर टक्के म्हणजे हे बाराशे चोवीस, असं त्यांनी बसवूनच घेतलं. भागिले दीडशे. आठ तास दहा मिनिटं.

हा आकडा एका पुठ्ठ्यावर लिहून त्यांनी इन्व्हर्टरला टांगला. "वीज जाणार सहा तास," त्यांनी बायकोला सांगितलं होतं. "तू निर्धास्त बस. पेपर दोनदा दिलास तरी पुरेल."

आणि आता, दीड तासात, अडतीस.

तसं दहालाच पडद्यावर अठ्ठ्याऐंशीच्या जागी सत्त्याहत्तर दिसले होते. तेव्हा निरीक्षकांनी 'बॅटरी नवी आहे, लाजत असेल' म्हणून सोडून दिलं. एखाद्या दुकानदाराने असं काही म्हटलं असतं तर त्याचा तराजू त्यांनी जागेवर जप्त केला असता.

त्यांनी बटण दाबून भार पाहिला. नऊशे तीस वॉट.

नऊशे तीस वॉट म्हणजे या घरात त्यांच्या नकळत आणखी पाच घरं राहत होती. या गतीने अकराला सगळं संपणार होतं.

ते चवड्यांवर चालत मेहुण्याच्या खोलीत गेले. मेहुणा दोन दिवसांसाठी येऊन चार महिने झाले होते. नोकरीचे अर्ज भरतोय, असं तो सांगायचा. मोजणीच्या तिन्ही रविवारी तो खिडकीच्या उजेडात जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन एखाद्या तपस्व्यासारखा बसला होता. आज पडदे ओढलेले होते. अंधारात कंप्युटरचा भलामोठा पडदा लखलखत होता, टेबलाखालची पेटी इंद्रधनुष्यासारखी रंग बदलत होती, आणि कानांवर हेडफोन चढवलेला मेहुणा एका राक्षसाशी लढत होता.

निरीक्षकांनी हेडफोन उचलला. "हे काय आहे?"

मेहुणा दचकून उभाच राहिला. "दाजी! हे... अर्ज भरायचं मशीन."

"अडीचशे वॉटचं?"

"मोठ्या कंपन्यांत अर्ज करतोय ना."

"आणि रविवारी हे कुठे होतं?"

"पलंगाखाली." मेहुणा जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "तुम्ही मोजत होतात दाजी. माणूस मोजत असताना बरं दिसतं का ते?"

निरीक्षकांनी वायर उपटली. राक्षस वाचला. भार आला सहाशे ऐंशीवर. म्हणजे हा एकटा गुन्हेगार नव्हता. आणि घरात आता उरले होते फक्त वडील आणि मुलगी.

आप्पा रहदारी पोलिसात होते. बत्तीस वर्षं चौकात उभं राहूनही आपल्या कंबरेला काही झालं नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे, आणि ऐकणारा सापडला नाही तर आरशाला सांगायचे. या वेळी ते हनुवटीपर्यंत रजई ओढून पडले होते. रजईच्या कडेने एक पांढरी वायर निघून भिंतीतल्या पिनेपर्यंत गेली होती.

"आप्पा, उठा."

"मी पहाटे पाच किलोमीटर चालून आलोय. आराम करू दे."

निरीक्षकांनी रजई उचलली. आप्पा विजेच्या गरम पट्टीवर लोण्याच्या गोळ्यासारखे विरघळत होते.

"तुमची कंबर दुखते?" निरीक्षकांना हा धक्का कंप्युटरपेक्षा मोठा होता.

"मुळीच नाही."

"मग हे?"

"हे दुखू नये म्हणून."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून." आप्पांनी मान वळवली. "नोकरीच्या."

ऐंशी वॉट गेले. भार सहाशे. आता निरीक्षक मुलीच्या दारापाशी पोचले. तिच्याबद्दल मात्र त्यांची खात्री होती. मोजणीच्या तिन्ही रविवारी ती सकाळीच एक पेटी काखोटीला मारून मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची. अशी गुणी पोर.

ती कपाटासमोर मांडी घालून बसली होती. कपाट उघडं होतं, आणि खालच्या कप्प्यात तीच पेटी पिवळ्या उजेडात घुमत होती. आत बारा अंडी.

निरीक्षक पेटीपाशी वाकले. "ही... अभ्यासाची पेटी?"

"उबवणी यंत्र आहे, बाबा."

"कॉलेजने सांगितलंय?"

"नाही. मला हौस आहे."

"बंद कर."

मुलीने पेटीवर दोन्ही हात पसरले. "आज विसावा दिवस आहे. उद्या फुटणार. आज गार पडली ना, तर बारा जीव जातील. तुमच्या नावावर."

निरीक्षकांनी पडद्यावरचे टक्के मनात मोजले. "आणि आईचा पेपर गेला तर?"

हे मात्र तिला पटलं. तिने ओठ दाबले, पिन काढली आणि अंडी एकेक करून आप्पांच्या अजून गरम असलेल्या पट्टीत गुंडाळली. पण पट्टीही निवणार. अंगची ऊब असलेलं, जागचं न हलणारं काहीतरी हवं होतं. तिघांनीही एकदमच, आप्पांच्या मागोमाग दारात येऊन उभ्या राहिलेल्या मेहुण्याकडे पाहिलं.

"मी? नाही हं! ताई, अगं..." मेहुण्याने बंद दाराकडे हात केला, आणि आप्पांनी त्याचं तोंड दाबलं.

पाच मिनिटांत मेहुणा दिवाणखान्यात सोफ्यावर होता. मांडीवर बारा अंडी, वरून रजई. तो इतका सहज बसला की गेले चार महिने तो याचाच सराव करत होता, अशी सगळ्यांची खात्री पटली.

"पण बाबा," मुलगी कुजबुजली, "तुम्ही दुकानात तपासणीला जाता, तेव्हा आधी कळवता का?"

"वेडी का खुळी? कळवलं तर सगळे तराजू बरोबर ठेवतील."

"मग आम्हाला का कळवलंत?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकाही दुकानदाराला न फसलेला माणूस स्वतःच्या सहीच्या नोटिशीने फसला होता. त्यांनी मोजला होता तो त्यांच्या घराचा भार नव्हताच. कुठल्याशा आदर्श कुटुंबाचा होता. ते लोक फक्त रविवारी राहायला यायचे.

पण लाजायला वेळ नव्हता. त्यांनी फ्रिज बंद केला, सगळे दिवे बंद केले. आता घरात चालू होता फक्त लॅपटॉप, राउटर आणि तिच्या टेबलावरचा दिवा. ऐंशी वॉट. बॅटरीत सोळा टक्के, म्हणजे दोनशेच्या आसपास वॉट-तास. भागिले ऐंशी, अडीच तास. वाजले होते अकराला पाच कमी. पेपर संपायला दोन तास पाच मिनिटं.

"वाचलो," निरीक्षकांनी श्वास सोडला. "पंचवीस मिनिटं उरतील." आणि खातरजमा म्हणून बटण दाबलं.

चारशे ऐंशी.

ते पुन्हा दाबलं. चारशे ऐंशी.

"आप्पा, अजून काही आहे का? खरं सांगा. मी रागावणार नाही."

"शपथेवर सांगतो, पट्टी एकच."

"आणि तू?" ते मेहुण्याकडे वळले.

"दाजी, मी अंड्यांवर बसलोय. माझ्याकडे आता इज्जतसुद्धा उरलेली नाही."

चारशे वॉट. निरीक्षकांनी बोटं मोडली, खोल्या मोजल्या. सगळ्या खोल्या बघून झाल्या होत्या. एक सोडून. त्यांची मान सावकाश त्या बंद दाराकडे वळली. आप्पांनीही वळवली. दाराखालच्या फटीतून नारिंगी उजेडाची एक बारीक रेघ फरशीवर पडली होती. आप्पा गुडघे टेकून बसले, फटीला तळवा लावला आणि गंभीर चेहऱ्याने वर पाहिलं.

"ऊब येतेय."

"हीटर?" निरीक्षकही खाली वाकले. "आपल्या घरात हीटर नाही!"

तसं त्यांनीच ठरवलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत बायकोने हीटरचा विषय काढला, तेव्हा त्यांनी प्रमाणित तापमापक आणून खोली मोजली होती. अठरा अंश निघाले. अठरा अंशांत माणूस गारठत नाही, असा निकाल देऊन त्यांनी विषय मिटवला होता. मिटला होता तो त्यांच्यापुरता. मोजणीच्या रविवारी बाई दोन स्वेटर आणि लोकरी मोजे घालून अभ्यासाला बसायची, आणि निरीक्षक कौतुकाने म्हणायचे, बघा, सवयीने सगळं होतं.

"ती?" ते सोफ्याच्या हातावर टेकले. "हिनेसुद्धा?"

"आई तीन हिवाळे वापरतेय," मुलगी म्हणाली. "तुम्ही ऑफिसला गेलात की."

"तुला माहीत होतं?"

"आप्पांनाही होतं."

आप्पा छताकडे बघू लागले.

चारशे ऐंशीने सोळा टक्के म्हणजे पंचवीस मिनिटं. तिला एवढंच कळायला हवं होतं, की बाई गं, पायाशी वाकून ते एक बटण बंद कर. पण कळवायचं कसं? दार वाजवलं तर आवाज, आणि आवाज आला की पेपर रद्द. आत शिरावं तर परकी व्यक्ती. तिचा मोबाइल नियमाप्रमाणे बाहेर, निरीक्षकांच्याच खिशात. मेहुण्याने सुचवलं, "दाराखालून चिठ्ठी सरकवा."

"परीक्षेच्या खोलीत चिठ्ठी? त्याला कॉपी म्हणतात!"

"मी गॅलरीतून जातो," आप्पा म्हणाले. "खिडकीतून खुणा करतो. नुसत्या हाताने मी ट्रक मागे घालवलेत."

ते खरोखरच गेले. निरीक्षकही मागोमाग गेले. आप्पांनी खिडकीसमोर छाती काढून उभं राहून उजवा हात उंचावला, डावा आडवा केला, मग दोन्ही खाली दाबले. बघणाऱ्याला वाटलं असतं की डावीकडची वाहनं थांबवून कुणा मंत्र्याला वाट देतायत. पण बघणारंच कुणी नव्हतं. आतून पडदा ओढलेला होता. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई मात्र तशीच थबकली आणि आप्पांचे हात खाली येईपर्यंत हलली नाही.

ते परत आले तेव्हा पडद्यावर पाच टक्के होते, आणि मग ती भयंकर गोष्ट झाली. इन्व्हर्टर ओरडू लागला. बॅटरी संपत आल्याचा इशारा होता तो: कर्कश, लांबलचक, दारापासून चार हातांवर.

"दाबा त्याला!" निरीक्षक ओठांनीच किंचाळले.

आप्पांनी उशी टाकली. मुलीने गादी ओढून आणली. निरीक्षकांनी अंगातला कोट काढून टाकला आणि शेवटी स्वतःच त्या ढिगाऱ्यावर पालथे पडले. पोटाखाली इन्व्हर्टर गाडल्यासारखा कण्हत राहिला. एक मिनिट. दोन. चार. मग एकदम शांत झाला.

राउटरचे हिरवे दिवे गेले. दाराखालची नारिंगी रेघ आधी लाल झाली, मग राखाडी, मग दिसेनाशी. अकरा वीस.

निरीक्षक ढिगाऱ्यावरून उठून दाराशेजारी फरशीवर बसले. त्यांच्या बाजूला आप्पा, मग मुलगी. आतून काही आवाज येत नव्हता. खुर्ची सरकली नाही, कडी वाजली नाही, हाक आली नाही. मुलगी पुटपुटली, "रडत असेल."

"मी आत जातो," निरीक्षक म्हणाले.

"आणि काय सांगशील?" आप्पांनी विचारलं.

निरीक्षक परत बसले. काय सांगणार? आठ तास दहा मिनिटं? तिने एकदाही विचारलं नव्हतं की खरंच पुरेल का. माझे हे मोजतात, असं ती शाळेत सांगायची, हे त्यांना ठाऊक होतं. वजनात खोट करणाऱ्या दुकानदारांवर त्यांनी पाचशेवर खटले भरले होते. त्या दिवशी त्या फरशीवर त्यांनी स्वतःवर एक भरला, स्वतःच साक्ष दिली, आणि सुटकेला काही वाव ठेवला नाही.

बारा वीसला सोफ्यावरून "चीं" असा आवाज आला.

"दाजी," मेहुणा घाबऱ्या स्वरात कुजबुजला, "माझ्या पोटाखाली कोणीतरी बोलतंय."

"शूऽऽ! पेपर!" निरीक्षकांनी तोंडावर बोट ठेवलं.

"आता कुठला पेपर, अरे?" आप्पा हळूच म्हणाले. "वीज जाऊन तास झाला."

"तरी," निरीक्षक म्हणाले. त्यांनी बोट काढलं नाही.

बरोबर एकला कडी वाजली आणि दार उघडलं. बाई उंबऱ्यात उभी होती. केस एका बाजूला चपटे झालेले, गालावर शालीच्या विणीची नक्षी उमटलेली. तिने एकदा सगळी रांग पाहिली, कोट, गादी, उशांचा ढीग पाहिला, सोफ्यावर अवघडून बसलेला भाऊ पाहिला.

"सगळे असे का बसलात? कोण गेलं?"

"बॅटरी," निरीक्षकांनी खाली मान घालून सांगितलं. "माझंच चुकलं. मी... तुझा पेपर..."

"अकरा वीसला गेली ना? कळलं मला. पाय गार पडले एकदम."

"आणि पेपर?"

"तो मी अकरा दहाला देऊन टाकला."

निरीक्षकांनी मान वर केली.

"सत्तर मिनिटांत?" मुलगी ओरडलीच.

"बावीस वर्षं तेच तर करतेय. त्यात विचार काय करायचा? निकाल लगेच दिसतो पडद्यावर. शंभरात सत्त्याऐंशी." तिने जांभई दिली. "झाले मी प्रमुख."

"अगं मग बाहेर का नाही आलीस?" निरीक्षक उठून उभे राहिले, तेवढ्यात त्यांच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्यामुळे पुन्हा बसले. "आम्ही इथे दोन तास जीव मुठीत धरून बसलोय! कुणी खोकलंसुद्धा नाही!"

"तेच तर," बाई म्हणाली. "सव्वीस वर्षांत या घरात मी दार लावलं आणि कुणी वाजवलं नाही, असं पहिल्यांदा झालं. एकपर्यंत वेळ माझा होता. मी का म्हणून सोडू? छान झोप लागली हो."

मुलीला हसावं की रडावं कळेना म्हणून तिने आईला मिठी मारली. आप्पांनी सूनबाईचं अभिनंदन केलं आणि चष्मा पुसला. मग सोफ्यावरून मेहुण्याचा कातर आवाज आला, "ताई, अभिनंदन! आता स्वयंपाकाचं कसं करायचं? मला हलता येत नाहीये."

"सूनबाई, चहा टाकतेस ना जरा?" आप्पा म्हणाले.

"आई, माझा निळा ड्रेस कुठे ठेवलायस?" मुलीने विचारलं.

"अगं, मोबाइलवर तुझे नऊ फोन येऊन गेलेत," निरीक्षकांनी खिशात हात घातला.

बाईने एकेकाकडे शांतपणे पाहिलं.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "दीडला दुसरा पेपर आहे. साडेचारपर्यंत."

दार लागलं. कडी बसली. पलंग किंचित करकरला.

मोबाइल शोधणाऱ्या निरीक्षकांच्या हाताला खिशात एक घडी घातलेला कागद लागला. बायकोचं प्रवेशपत्र. अर्ज त्यांनीच भरला होता. त्यांनी तो उलगडून पाहिला. 'एकूण पेपर: एक', असं त्यावर ठळक छापलेलं होतं. मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. तिने तोंड उघडलं, पण निरीक्षकांनी कागदाची पुन्हा चार घड्या घालून तो खिशात ठेवला.

"चला, सगळे स्वयंपाकघरात," ते कुजबुजले. "चपला हातात घ्या. पेपर चालू आहे."